मजुरीची दारू आणि गर्भातले मूल

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतात वेलिंग्टन नावाचे एक लहानसे शहर आहे. भोवती उंच डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी दूरवर पसरलेले द्राक्षमळे. या मळ्यांतल्या द्राक्षांची दारू जगभरच्या श्रीमंतांच्या मेजांवर जाते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील शाळांतून पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांची तपासणी करण्यात आली. २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दर हजार मुलांमागे ४० ते ४६ मुले एकाच विकाराने ग्रासलेली निघाली. वयाच्या मानाने खुरटलेली, डोक्याचा घेर कमी असलेली, वर्गात क्षणभर स्थिर न बसणारी, काल शिकवलेले आज न आठवणारी अशी ही मुले होती. ती आईच्या उदरात असताना आईबरोबर त्यांच्याही रक्तात दारू भिनली होती. त्यानंतरच्या पाहणीत हे प्रमाण हजारी ६५ च्याही वर गेलेले आढळले. साऱ्या जगाचा विचार केला तर या विकाराचे प्रमाण दर दहा हजार जन्मांमागे सुमारे १५ इतके असावे असा अंदाज २०१७ साली संशोधकांनी मांडला आहे. म्हणजे द्राक्षमळ्यांच्या या एका शहराने जगाला किती पटींनी मागे टाकले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हा विकार आनुवंशिक नाही, साथीचा नाही आणि दैवाचा तर नाहीच नाही. गर्भार स्त्रीच्या पोटात दारू गेली नाही, तर तो होत नाही. इतक्या निश्चितपणे टाळता येण्याजोगी जन्मजात व्यंगे फार थोडी आहेत. असे असताना तो एवढ्या मोठ्या प्रमाणावर, आणि तोही मळ्यांत राबणाऱ्यांच्या वस्तीत, का व्हावा? आया दारू पितात म्हणून, हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. त्या आयांच्या हातात पेला कोणी दिला, का दिला आणि किती पिढ्या दिला, हे विचारल्यावाचून ते पुरे होत नाही. दारूबंदीच्या प्रश्नावर आपल्या चळवळीने पुष्कळ लढे दिले आहेत. पण दारूच्या या सर्वांत मुक्या बळीकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. म्हणून हा विषय आम्ही येथे जरा विस्ताराने मांडत आहोत.

शास्त्र काय सांगते

आई आणि गर्भ यांच्यामध्ये वार असते. अन्नरस आणि प्राणवायू तिच्यामार्फत गर्भाला पोचतात. वार गर्भाची राखणदार आहे अशी आपली समजूत असते. पण दारूला ती अडवू शकत नाही. आईने घेतलेली दारू थोड्याच वेळात जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात गर्भाच्या रक्तात उतरते. प्रौढ माणसाचे यकृत तिचा निचरा करू शकते, गर्भाच्या यकृताला अद्याप ती ताकद आलेली नसते. भोवतालच्या गर्भजलातही दारू रेंगाळते. आईची धुंदी उतरली तरी मुलाच्या अंगातले विष उतरायला वेळ लागतो.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत चेहरा, हृदय आणि इतर अवयव घडत असतात. या काळात दारूचा मारा झाला तर डोळ्यांच्या फटी आखूड राहतात, वरचा ओठ पातळ होतो, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट होते. मेंदूची घडण मात्र पूर्ण नऊ महिने चालू असते, आणि म्हणून मेंदूच्या दृष्टीने नऊ महिन्यांतला एकही महिना सुरक्षित नाही. ज्या मुलांच्या चेहऱ्यावर कोणतीच खूण नाही, पण स्मरणशक्ती, हिशेब, संयम आणि बरेवाईट ओळखण्याची शक्ती यांवर घाव बसलेला आहे, अशी मुले खूण असलेल्या मुलांहून कितीतरी अधिक असतात. शाळेत त्यांना मठ्ठ म्हणतात, घरी द्वाड म्हणतात. मोठेपणी पोलिसांच्या वहीत त्यांची नोंद होते. मेंदूवरचा हा घाव भरून येत नाही. मात्र तो लवकर ओळखला, मुलाला शांत घर आणि चिकाटीने शिकवणारा शिक्षक मिळाला, तर आयुष्य पुष्कळ सावरता येते, हेही तितकेच खरे आहे.

हे ज्ञान फार जुने नाही. फ्रान्समधील नांत शहराचे डॉक्टर पॉल लमुआन यांनी १९६८ साली दारू पिणाऱ्या मातांच्या १२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. १९७३ साली अमेरिकेतील सिॲटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आठ मुलांची हकीकत मांडली आणि या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव मिळाले. आपण त्याला गर्भमद्यविकार म्हणू. त्याच्या अगोदरच्या दशकात तर अकाली प्रसूतीच्या कळा थांबवण्यासाठी गर्भार स्त्रियांच्या शिरेतून मद्यार्क देण्याचा उपचार मोठमोठ्या डॉक्टरांकडून केला जात होता. गर्भवतीने दारू घेऊच नये, असा सल्ला अमेरिकेच्या सरकारी आरोग्यप्रमुखांनी दिला तो १९८१ साली. जी गोष्ट शिकल्यासवरल्या डॉक्टरांनाही काल-परवापर्यंत ठाऊक नव्हती, ती ठाऊक नसल्याबद्दल मळ्यातल्या मजूर स्त्रीला दोषी धरण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

दारू किती घेतली तर गर्भाला अपाय नाही, अशी रेषा शास्त्राला आखता आलेली नाही. एखाददुसरा घोट गेला की मूल अधू होतेच, असेही नाही. गर्भारपणी दारू घेणाऱ्या सुमारे ६७ स्त्रियांमागे एकीच्या मुलात हा विकार पूर्ण रूपाने दिसतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. पण ती एक कोणती, हे अगोदर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून गर्भारपणात दारू मुळीच नको, एवढाच प्रामाणिक सल्ला उरतो. बिअर सौम्य, वाइन पाचक, ताडी थंड, मोहाची औषधी, हे सारे भेद पिणाऱ्याच्या जिभेपुरते आहेत. साध्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत व्हिस्कीच्या लहान दोन पेगांहून अधिक मद्यार्क असतो. गर्भाला मद्यार्क तेवढा कळतो, बाटलीवरची चिठ्ठी कळत नाही.

मगातली मजुरी

आता त्या अर्ध्या उरलेल्या उत्तराकडे वळू. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान व्हान रीबेक केपच्या किनाऱ्यावर उतरला. १६५९ साली तेथे द्राक्षांची पहिली दारू गाळली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, १६५८ साली, गुलामांच्या मुलांसाठी व प्रौढांसाठी शाळा निघाली होती. त्यांनी धडे घ्यावेत म्हणून प्रत्येकाला पेलाभर ब्रँडी आणि दोन इंच तंबाखू देण्यात येई, अशी नोंद खुद्द व्हान रीबेकच्या रोजनिशीत आहे. म्हणजे त्या भूमीवर दारू हे माणसे कह्यात ठेवण्याचे साधन प्रारंभापासूनच होते. हे गुलाम मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियाच्या बेटांतून जसे आणले गेले, तसे मलबार, कोरोमंडल आणि बंगालच्या किनाऱ्यांवरूनही आणले गेले. आज पश्चिम केपच्या मळ्यांत राबणाऱ्या ‘कलर्ड’ म्हणवल्या जाणाऱ्या लोकांच्या रक्तात आपल्या मातीचाही अंश आहे. ही कथा आपल्याला अगदीच परक्यांची नाही.

१८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. चार वर्षांच्या सक्तीच्या उमेदवारीनंतर केपचे गुलाम १८३८ साली खरोखर सुटले. पण जमीन मालकाचीच राहिली, आणि सुटलेल्या गुलामाला त्याच मळ्यावर मजूर म्हणून परतावे लागले. मजुरीचा एक भाग त्याला दारूच्या रूपाने मिळू लागला. या पद्धतीला तेथे ‘डॉप’ म्हणतात. सकाळी कामावर उभे राहताना एक मग, मग न्याहारीला, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि दिवस मावळताना, असा तिचा क्रम असे. यात मालकाचा तिहेरी फायदा होता. बाजारात न खपणारी हलकी दारू खपे. रोख मजुरी कमी द्यावी लागे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मजूर मळा सोडून जात नसे. व्यसन हे असे वेठबिगारीचे पत्र आहे, की ज्यावर अंगठाही घ्यावा लागत नाही.

१९६० च्या दशकात या पद्धतीवर कायद्याने बंदी आली. परंतु वर्णद्वेषी राजवटीत गोऱ्या मालकाच्या मळ्यावर जाऊन काळ्या मजुराचा मग तपासणार कोण? १९९० च्या दशकापर्यंत डॉप अनेक मळ्यांवर चालूच राहिली. २००३ साली लोकशाही दक्षिण आफ्रिकेच्या नव्या मद्य कायद्याने मजुरीऐवजी दारू देण्यास पुन्हा स्पष्ट मनाई केली. पद्धत बहुतेक ठिकाणी थांबली, दारू मात्र थांबली नाही. मग बंद झाला तेव्हा त्याच्या जागी तुटपुंजे रोख पैसे आले, आणि शुक्रवारी संध्याकाळी हातात पडणाऱ्या त्या पैशांची वाट पाहत वस्तीतले गुत्ते उघडे होते. तीनशे वर्षे रोज दिवसातून चार-पाच वेळा अंगात मुरवलेली सवय सरकारी राजपत्रातल्या एका अधिसूचनेने जात नसते.

आईची भाकरी आणि आईचे छप्पर

वेलिंग्टनच्या संशोधकांनी आजारी मुलांच्या मातांची माहिती निरोगी मुलांच्या मातांच्या माहितीशी ताडून पाहिली. जिच्या मुलाला हा विकार जडतो ती स्त्री बहुधा शरीराने कृश असते, तिचे खाणे निकृष्ट असते, शाळा लवकर सुटलेली असते, आधीची बाळंतपणे अधिक झालेली असतात. ती रोज थोडी पिण्याऐवजी शनिवार-रविवारी एकदम पुष्कळ पिते, आणि तिच्या घरात, शेजारात सगळेच पीत असतात. दोन स्त्रियांनी सारखीच दारू घेतली, तरी उपाशी स्त्रीच्या रक्तात ती अधिक चढते आणि तिच्या गर्भाला अधिक बाधते. दारू तीच, पण ती रिकाम्या पोटावर पडली की तिचा घाव खोल जातो. भूक आणि दारू असे दोन वैरी येथे हात मिळवून उभे आहेत.

शिवाय मळ्यावरचे घर नवऱ्याच्या नोकरीला बांधलेले असते. नवऱ्याचे काम गेले की स्त्रीचेही छप्पर जाते. तिला स्वतःला काम मिळते ते हंगामापुरते. नवरा मारतो म्हणून तिने घर सोडायचे ठरवले, तर मळाच सोडावा लागतो. अशा स्त्रीला ‘गरोदरपणी दारू घेऊ नकोस’ असे सांगणारा फलक दवाखान्याच्या भिंतीवर लावून आपले कर्तव्य संपले असे ज्यांना वाटते, त्यांना ती स्त्री कोठे उभी आहे हे दिसलेलेच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये याच प्रांतातील द डूर्न्स येथून शेतमजुरांचा मोठा संप पसरला. त्यांची किमान रोजी तेव्हा ६९ रँड होती, मागणी १५० रँडची होती. मार्च २०१३ पासून १०५ रँड पदरात पडले. वैद्यकाच्या पुस्तकांत या संपाचा उल्लेख असण्याचे कारण नाही. पण मजूर स्त्रीच्या ताटातली भाकरी वाढवणारा संप हाही गर्भातल्या मुलाच्या रक्षणाचा एक उपाय आहे, असे आम्ही मानतो.

दोन अपुरे मार्ग

या विकारावर दोन उपाय हिरिरीने पुढे केले जातात. पहिला म्हणजे आईला शिक्षा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने १९९८ साली अमलात आणलेल्या कायद्यानुसार दारू किंवा अन्य मादक पदार्थांचा वारंवार अतिरेक करणाऱ्या गर्भवतीला तिच्या इच्छेविरुद्ध ताब्यात ठेवता येते. इंग्लंडमध्ये २०१४ साली उलट निकाल लागला. गर्भारपणी दारू पिणे हा गर्भाविरुद्धचा गुन्हा ठरत नाही, असे तेथील अपील न्यायालयाने सांगितले. मुलाचे हित पाहिले तरीही हा दुसरा निर्णयच शहाणपणाचा आहे असे आमचे मत आहे. दवाखान्यात खरे सांगितले तर पोलीस येतील, मूल काढून घेतील, अशी भीती बसली की ज्या स्त्रीला मदतीची सर्वांत अधिक गरज तीच दवाखान्याची पायरी चढणार नाही. शिक्षेने दारू सुटत नाही, तपासणी मात्र सुटते. गर्भाच्या नावाखाली स्त्रीच्या देहावर पहारा बसवण्याची हौस पुरुषी समाजाला नवी नाही. आपल्या स्त्री-कार्यकर्त्या या विषयाकडे काहीशा संशयाने पाहतात, त्याचे कारण हेच आहे, आणि तो संशय रास्त आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून माहितीच दडवून ठेवणे बरोबर नाही. आपल्या शरीरात आणि आपल्या गर्भात काय घडते, हे कळणे हा स्त्रीचा हक्क आहे.

दुसरा उपाय बाटलीवरच्या इशाऱ्याचा. अमेरिकेत १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे २०२३ पासून तो सक्तीचा झाला. भारतात १ एप्रिल २०१९ पासून बाटलीवर ठळक इशारा बंधनकारक झाला. दारू आरोग्याला अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढेच तो सांगतो. गाडीची काळजी घेणाऱ्या त्या चिठ्ठीत गर्भाचे नाव नाही. ते आलेच पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे. मात्र ती करतानाही विसरता कामा नये, की ताडी मडक्यातून येते, हातभट्टीची फुग्यातून आणि पिशवीतून येते, मोहाची घरात गाळली जाते. तेथे चिठ्ठी लावणार कोठे आणि वाचणार कोण?

डे आर येथील अनुभव

मग प्रतिबंध होतो तरी कशाने? दक्षिण आफ्रिकेच्याच उत्तर केप प्रांतात डे आर नावाचे रेल्वे जंक्शन आहे. येथे द्राक्षे नाहीत. बेकारी आणि दारिद्र्य मात्र विपुल आहे, आणि गर्भमद्यविकारही वेलिंग्टनसारखाच भयानक. १९९७ साली स्थापन झालेल्या ‘फाउंडेशन फॉर अल्कोहोल रिलेटेड रिसर्च’ या संस्थेने तेथे काम उभे केले. केवळ पिणाऱ्या स्त्रियांना वेगळे काढून उपदेश करण्याऐवजी साऱ्या गावाशी या विषयावर बोलण्याचा मार्ग तिने पत्करला. मुलांची तपासणी झाल्यामुळे गावाला आपले दुखणे प्रथम आकड्यांत दिसले, आणि मग गर्भवतींशी दवाखान्यातून बोलणे सुरू झाले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील मुलांत या विकाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

ही घट थोडी नाही, आणि पुरेशीही नाही. ज्ञान आणि आपुलकी यांच्या बळावर एवढे घडू शकते, हे तिच्यावरून कळते. उरलेला मोठा भाग रोजगार, घर आणि अन्न यांच्याशी बांधलेला आहे, हेही तिच्यावरूनच कळते.

आपल्या घरी काय

आपल्याकडे स्त्रिया दारू पीतच नाहीत, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे १.३ टक्के दारू घेतात, तर पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के. टक्केवारी लहान आहे. पण सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशात एक टक्काही लाखांनी मोजावा लागतो. शिवाय ही सरासरी आहे. अरुणाचल प्रदेशात हेच प्रमाण सुमारे २४ टक्के आहे. अनेक आदिवासी समाजांत मोहाची किंवा धान्याची दारू सणासमारंभात स्त्रीपुरुष मिळून घेतात, त्यात त्यांना अवघडल्यासारखे वाटत नाही. आणि उपदेशकाच्या नाकाने त्यांच्याकडे पाहण्याचे आपल्यालाही कारण नाही. शहरांतील सुस्थित घरांतही पेला आता केवळ पुरुषांचा राहिलेला नाही. या दोहोंच्या मध्ये जो मोठा मध्यम समाज आहे, तेथे स्त्रीचे पिणे हा कलंक मानला जातो. त्यामुळे डॉक्टर विचारत नाही, ती सांगत नाही आणि मूल अधू निघाले तर दोष नशिबाला किंवा ग्रहणाला लागतो. या देशात गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक, ५२ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या कृश देहावर दारूचा घाव खोल जातो, तो देह आपल्याकडे घरोघरी आहे.

दारूविरुद्ध लढण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी शहरात वाढू लागलेल्या दारूच्या दुकानांना विरोध नोंदवला होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादे भागात श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. जमीन आणि मजुरीच्या लढ्यातूनच त्यांचा दारूविरोध उभा राहिला, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनामुळे १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली. चंद्रपूरला ती २०१५ साली आली आणि २०२१ साली सरकारने उठवली. या साऱ्या लढ्यांत नवऱ्याची मारहाण, उडवलेली मजुरी आणि उपाशी मुले हे विषय होते, आणि ते असायलाच हवे होते. जन्मालाच न आलेल्या मुलाची बाजू मात्र कोणी मांडली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. विरोध झाल्यावर तो अडला. द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे हित हे त्याचे समर्थन होते, आणि वाइन ही दारूच नव्हे, असेही सत्ताधाऱ्यांच्या गोटातून सांगितले गेले. शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ‘वाइन ही दारू नव्हे’ हे वाक्य किराणा घ्यायला आलेल्या गर्भवतीने खरे मानले तर काय होईल, याचा विचार ते बोलणाऱ्यांनी केला होता काय? केपच्या मळ्यांवर मजुरीच्या रूपाने मगात ओतली गेली, ती वाइनच होती.

कार्यकर्त्यांनी काय करावे

आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात जनतेचे पोषणमान आणि राहणीमान उंचावणे आणि मादक पेयांना आळा घालणे ही दोन्ही कर्तव्ये राज्यावर एकत्रच सोपवलेली आहेत. वेलिंग्टनच्या मातांचा अनुभव वाचला की घटनाकारांनी ही दोन्ही एका ठिकाणी ठेवली, यातले शहाणपण पटते. आपल्या राज्यकर्त्यांनी मात्र या अनुच्छेदाचे दोन तुकडे केले. बंदी कधी लावायची आणि कधी उठवायची, याचा विचार महसुलाच्या हिशेबाने होतो. पोषणाची आठवण भाषणांपुरती उरते.

म्हणून पहिले काम पोषणाचे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६००० रुपयांचा मातृत्व लाभ हक्काचा केला. प्रत्यक्षात २०१७ पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५००० रुपयेच मिळत आले, आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच पुढचा लाभ मिळतो. मजूर स्त्रीला निदान शेवटचे काही महिने विसावा मिळेल, एवढा हा लाभ असला पाहिजे आणि तो प्रत्येक बाळंतपणाला मिळाला पाहिजे. आदिवासी भागात गर्भवतींना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. आपल्या भागातील अंगणवाडीत ते ताट खरोखर वाढले जाते की नोंदवहीत, हे कार्यकर्त्याने दुपारी तेथे जाऊन डोळ्यांनी पाहावे.

दुसरे काम बोलण्याचे. आशा आणि अंगणवाडी सेविका या गर्भवतीच्या उंबऱ्यापर्यंत पोचणाऱ्या पहिल्या कार्यकर्त्या आहेत. घरात दारू असते का, तूही घेतेस का, हा प्रश्न तिथीवार आणि वजन विचारावे तितक्या सहजपणे, आणि सासू-नवऱ्याच्या कानाआड, विचारण्याचे शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे. दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी घेतली असेल, तर तिला घाबरवू नये. आजपासून थांबलीस तरी मुलाचा फायदाच आहे, असे सांगावे. जिला दारूवाचून हात कापरा होतो, तिने मात्र ती एकाएकी घरच्या घरी सोडू नये. त्यात आई आणि मूल दोघांनाही धोका असतो. तिला डॉक्टरकडे न्यावे आणि तेथे तिची हेटाळणी होणार नाही, याची जबाबदारी आपण घ्यावी.

तिसरे काम पुरुषांशी बोलण्याचे, आणि ते आपल्यातील पुरुष कार्यकर्त्यांनीच करायचे आहे. घरात बाटली आणणारा हात बहुतेक वेळा पुरुषाचा असतो. बायकोचे नऊ महिने पुरे होईपर्यंत घरात दारू आणणार नाही, एवढे एक वचन मजूर संघटनेच्या सभासदाकडून घेता आले, तरी पुष्कळ साधेल. नऊ महिने सोडलेली दारू दहाव्या महिन्यात परत न घेणारेही त्यांतून निघतील. आणि जे स्वतः संध्याकाळच्या बैठकीनंतर पेला उचलतात, त्यांनी हे काम अंगावर घेण्यापूर्वी स्वतःशी थोडा हिशेब करावा.

चौथे काम शाळेतले. आपल्यातील अनेकजण शिक्षक आहेत. वर्गातले जे मूल काल सांगितलेले आज विसरते, त्याच्यावर छडी उगारण्यापूर्वी त्याचा जन्म कोणत्या घरात आणि कोणत्या परिस्थितीत झाला, हे त्यांनी पाहावे. ते सारे याच विकाराचे असेल असे नाही. पण त्याच्या न शिकण्याला त्याची स्वतःची अपराधी इच्छा कारण नाही, एवढे जरी शिक्षकाला पटले, तरी त्या मुलाचे निम्मे दुःख हलके होईल.

केपच्या मळ्यावर मजुराच्या हातात मग ठेवणाऱ्या मालकाला आपण एका पिढीचा कामगार बांधून ठेवतो आहोत असे वाटले असेल. प्रत्यक्षात त्याने पुढच्या पिढीची बुद्धीही गहाण टाकून घेतली. ज्या मुलाला शिकता येणार नाही, हिशेब कळणार नाही, उद्याचा विचार करता येणार नाही, ते मूल त्याच मळ्यावर तेवढ्याच मजुरीवर राबेल. शोषणाचा हात गर्भापर्यंत पोचतो तो असा. मग आपल्या चळवळीचाही हात तेथवर पोचला पाहिजे. त्याची सुरुवात आपल्या वस्तीतल्या एखाद्या अवघडलेल्या बाईच्या दारात बसून, तिला न हिणवता, दोन गोष्टी सांगण्यापासून आणि तिच्या दोन गोष्टी ऐकण्यापासून करता येईल.